वरच्या मोरीतून गळणारं पाणी आणि दिरावरचा दावा

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. सांगली-साताऱ्याच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, आणि पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात कोर्टाच्या गोष्टी जास्त निघू लागल्या. मी सांगलीत वकिली करते. लोक विचारतात ते बहुतेक जमिनीचं. एक प्रश्न मात्र माणसं ऑफिसचं दार लोटून घेऊन विचारतात : "मॅडम, घरातल्याच माणसानं नुकसान केलं, तर भरपाई मागता येते का ओ?"

येते. कायद्यात नात्याची आडकाठी नाही. भाऊ भावावर, आई मुलावर, वहिनी दिरावर नुकसानभरपाईचा दावा लावू शकते. पण मागता येणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. हे न समजता दावा लावला, की चाळीस हजारांच्या छतापायी अख्खं घर कोर्टात उभं राहतं. असं झालेलं मी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. ते कुणा एकाचं नाही, बऱ्याच घरांतून जुळवलेलं आहे. मिरजेजवळचं गाव. वडिलांनी बांधलेलं दुमजली घर, वडील आता नाहीत. थोरला खाली राहतो, धाकटा वर. वरच्या मोरीचा पाइप फुटला. खालच्या स्वयंपाकघराच्या छताला आधी चहा सांडल्यासारखी तपकिरी कडा उमटली, मग गिलाव्याचे पोपडे सुटायला लागले. थोरल्याची बायको तीनदा जिना चढून सांगून आली, "भाऊजी, तेवढा पाइप बघा की." बघतो म्हणाले. एका रात्री पाणी तिच्या घरघंटीत शिरलं, मोटर जळाली, आणि शेजारच्या तीन घरांचं शाळूचं दळण ओलं होऊन सकाळपर्यंत आंबलं. ती घरघंटी तिनं बचत गटाच्या कर्जातून घेतलेली, तिच्यावर तिचे महिन्याचे चार पैसे सुटायचे. आता या बाईनं काय करावं?

परदेशातल्यासारखं 'छोटं कोर्ट' आपल्याकडे आहे का?

मोबाइलवर सगळे बघतात, की परदेशात कुणी भावावर फुटलेल्या टीव्हीचा दावा लावला आणि एका बैठकीत निकाल घेऊन घरी गेला. त्याला तिकडे स्मॉल क्लेम्स म्हणतात. इंग्लंडमध्ये साधारण १०,००० पौंडांपर्यंतचे दावे या वाटेनं जातात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात आणि तिथं एरवी वकील उभाच राहत नाही.

आपल्याकडे त्याचा जुना भाऊबंद आहे, लघुवाद न्यायालय. मुंबईसाठी १८८२ चा कायदा, बाकी भागासाठी १८८७ चा. मुंबई-पुण्यात अशी स्वतंत्र न्यायालयं आहेत, पण मुंबईच्या लघुवाद न्यायालयात जाऊन बघाल तर मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचेच वाद दिसतील. सांगली-साताऱ्याकडे ते स्वतंत्र न्यायालय नाही. आपला दावा जातो नेहमीच्या दिवाणी न्यायालयात, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यासमोर. सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत, तिकडे कराड, वाई, फलटण, जिथली वस्तू आणि जिथली माणसं तिथलं कोर्ट.

शिवाय १८८७ च्या कायद्यानं काही दावे या छोट्या वाटेतून आधीच वगळलेत : वाटपाचे, स्थावराच्या हक्काचे, मनाई हुकमाचे. मागणी पैशांचीच असली, पण ती घराच्या किंवा जमिनीच्या मालकीवर अवलंबून असली, तर ते कोर्ट दावा परत देऊन 'मोठ्या वाटेनं जा' असं सांगू शकतं. ही मालकीची गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या घरातलं खरं दुखणं तिथंच आहे.

चार शब्द एकदाच सांगते, पुढे लागतील. मागणारा तो वादी, ज्याच्याकडून मागायचं तो प्रतिवादी. प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. आणि शेवटी कोर्ट देतं तो हुकूमनामा.

काट्यावर काय चढतं

आपल्या भागातल्या माणसाला कोर्ट समजावायचं, तर मला साखर कारखान्याचा काटा आठवतो. ऊस जगवायला किती रात्री पाणी धरलं, ऊसतोड टोळीनं किती दिवस फिरवलं, ते काट्याला दिसत नाही. गाडीत जे आहे त्याचंच वजन होतं. दिवाणी कोर्टाचंही तसंच. सासूनं आयुष्यभर कुणाला झुकतं माप दिलं, कोण कुणाच्या लग्नात बोललं नाही, हे सगळं तुमच्या दृष्टीनं खरं असतं. पण ते काट्यावर चढत नाही. तिथं विचारतात, बिघडलेली वस्तू कुणाची, ती कुणाच्या चुकीनं बिघडली आणि किती रुपयांचं बिघडलं.

चूक दाखवायला मुद्दाम केलं असंच दाखवावं लागत नाही, निष्काळजीपणाही पुरतो. पाइप अचानक फुटला तर तो एक वेळ अपघात म्हणता येईल. तीनदा सांगूनही तो तसाच ठेवला, तर तो निष्काळजीपणा. म्हणून तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा एक साधा मेसेज करून ठेवा : "भाऊजी, आज सकाळपासून छत पुन्हा गळतंय, प्लंबर बोलवा." यात भांडण नाही, आणि पुढे त्याचीच तारीख कामाला येते. फोटो काढताना नुसता डाग काढू नका. जरा मागं सरून छत, घरघंटी आणि ओल्या पिठाचा डबा एकाच फोटोत येऊ द्या. मोबाइलमधला फोटो किंवा मेसेज कोर्टात द्यायचा, तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो मूळ मोबाइल विकू नका.

रकमेचं म्हणाल, तर नव्या घरघंटीची किंमत मागून चालत नाही. चार वर्षं वापरलेली असेल तर दुरुस्तीचा खर्च, आणि दुरुस्त होण्यासारखी नसेल तर त्या दिवशी तिची जी किंमत आली असती ती. मोटर बदलल्याची पावती, गवंड्याचं सही-तारखेचं कोटेशन, दळण बुडालेल्या दिवसांचा हिशेब. आणि उलटतपासात एक प्रश्न हमखास येतो : "छताला डाग दिसल्यावर तुम्ही घरघंटी तिथून हलवली का नाही?" स्वतःचं नुकसान वाढू न देणं हे सोसणाऱ्याचंही काम आहे, असं कायदा मानतो. उत्तर तयार पाहिजे. बारा बाय दहाच्या स्वयंपाकघरात हलवायला दुसरी जागाच नव्हती, हेही उत्तर असू शकतं.

छत कुणाचं, घरघंटी कुणाची

दावा दाखल झाला, समन्स निघालं, बेलिफ वर जाऊन धाकट्याला देऊन आला. धाकटा वकील गाठतो. कैफियत द्यायला त्याला ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्या कैफियतीत पाइपाबद्दल दोन ओळी असतील. खरा मजकूर पुढे : "दावा मिळकत वडिलार्जित असून एकत्र कुटुंबाची आहे. तिचं सरसनिरस वाटप झालेलं नाही. वादीस छताची स्वतंत्र मालकी नाही."

सरसनिरस वाटप म्हणजे चांगलं-वाईट बघून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा काढून देणं. इथं दावा वळण घेतो. वाटप झालं नसेल, तर कायद्यानं त्या घराच्या प्रत्येक विटेत सगळ्या हिस्सेदारांचा वाटा असतो. 'तू खाली राहा, मी वर राहतो' ही राहण्याची सोय झाली, ते वाटप नव्हे. मग जे छत दोघांचंही आहे, त्याच्या नुकसानीचे पैसे एकानं दुसऱ्याकडून कसे मागायचे? आणि 'दोघांचं' तरी म्हणायचं का? हिस्सेदार कोण कोण, हे मोजताना बहिणी येतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. ज्या बहिणीनं हक्कसोडपत्र केलेलं नाही तिचं नाव निघतं, ती तिकडे साताऱ्याला सासरी असते, तिला यातलं काही माहीत नसतं, आणि एके दिवशी तिच्या दारात नोटीस जाते. गळक्या मोरीचा दावा असा बघता बघता वाटपाचा होतो. कैफियतीबरोबर धाकटा प्रतिदावाही लावू शकतो, म्हणजे उलट मागणी : वरचा मजला मी माझ्या पैशांनी बांधला, त्याचा हिशेब द्या. यात वर्षं जातात.

कागद कोणते बघायचे? गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. पण नमुना ८ ला दोघांची नावं वेगवेगळी लागली म्हणजे वाटप सिद्ध झालं, या भ्रमात राहू नका. ती नोंद कर आकारणीसाठी असते, मालकी तिच्यानं ठरत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र असेल तर उत्तम. पूर्वी तोंडी वाटप झालं असेल, तर 'अमुक साली असं वाटप झालेलं आहे' अशी आठवणीदाखल केलेली, सगळ्यांच्या सह्यांची नोंदही उपयोगी पडते. ती नोंदवावीच लागते असं नाही, कारण तिनं नवा हक्क जन्माला येत नाही, झालेली गोष्ट फक्त लिहिली जाते.

वडील हयात असतील आणि घर त्यांनी स्वकष्टानं बांधलेलं असेल, तर प्रश्न आणखी सोपा आणि आणखी अवघड होतो. छत वडिलांचं. भरपाई मागायचा हक्क वडिलांचा. थोरल्याचा नाही, धाकट्याचाही नाही.

पण घरघंटी? ती जंगम, म्हणजे हलवता येणारी वस्तू आहे. घराचं वाटप झालेलं असो वा नसो, बाईनं स्वतःच्या कमाईतून घेतलेली वस्तू तिची. खरेदीची पावती तिच्या नावाची, कर्जाची नोंद बचत गटाच्या पुस्तकात, हप्ते तिच्या खात्यातून. इथं दिराला 'सामाईक' म्हणायला जागाच राहत नाही. म्हणून माझा सल्ला असा असतो, की छत आणि घरघंटी एका गाडीत भरू नका. घरघंटीची, पिठाची, बुडालेल्या कामाची मागणी बाईनं स्वतःच्या नावानं, एकटीनं करावी. रक्कम लहान होते, पण मागणी पक्की होते. छताचा विषय बोलणीत ठेवावा. अशिलांना हे आधी पटत नाही. 'मॅडम, खरं नुकसान तर छताचंच आहे,' असं म्हणतात. खरं आहे. पण ते छत तुमच्या एकट्याचं आहे हे आज सिद्ध करता येत नाही, हेही तितकंच खरं.

मुदतीचंही बघा. अशा भरपाईसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. गळती चालूच असेल तर तिची मुदत रोज नव्यानं धरता येते, पण जळालेल्या मोटरची तीन वर्षं ती जळाली त्या रात्रीपासून धावू लागतात.

मग पोलिसांत का जायचं नाही?

ठाण्यात गेलात तर बहुतेक ऐकायला मिळेल, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." पाइपाच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण निष्काळजीपणानं झालेलं नुकसान हा या अर्थानं गुन्हा नव्हे. मुद्दाम केलं तर गोष्ट वेगळी. कायद्यात त्याला आगळीक म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३२४ मध्ये आहे. नुकसान २०,००० रुपयांच्या पुढे गेलं तर शिक्षा वाढते, एक लाखावर गेलं तर पाच वर्षांपर्यंत. विशेष म्हणजे वस्तू दोघांच्या सामाईक मालकीची असली, तरी एका हिस्सेदारावर आगळीकीचा गुन्हा होऊ शकतो, असं स्पष्टीकरण कायद्यातच आहे. 'माझंही घर आहे, मी फोडीन' हा बचाव तिथं चालत नाही. मात्र किरकोळ नुकसानीची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली जाते आणि त्यात पुढचं पाऊल दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पडत नाही. तेवढ्यावर मोटरचे पैसे वसूल होतील, ही आशा धरू नका.

बायकांसाठी आणखी एक वाट आहे, ती फार कमी जणींना माहीत असते. भांडणात नवऱ्यानं, सासरच्यांनी किंवा माहेरी भावानं तिच्या वस्तू फोडल्या, घरातून काढून नेल्या, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्याच्या कलम २० मध्ये मालमत्तेची नासधूस झाल्याची भरपाई स्पष्ट लिहिलेली आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून अर्ज भरून मिळतो. नुसत्या गळक्या पाइपाला हा कायदा लावू नये. पण ज्या घरात दर महिन्याला ताटं-भांडी आपटली जातात, तिथं दिवाणी दाव्याआधी या वाटेचा विचार करावा. म्हाताऱ्या आई-वडिलांना मुलगा त्रास देत असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे दाद मागता येते.

आणि ग्राहक आयोग? तिथं भाऊ-भाऊ जाऊ शकत नाहीत, कारण दिरानं तुम्हाला सेवा विकलेली नाही. पैसे देऊन बोलावलेल्या प्लंबरनं घोळ केला असेल, तर जाता येतं.

खर्च, वकील, तारखा

दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो. मालमत्तेच्या वादांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीची माफी आहे. आपली मागणी तिच्यात बसते का, हे दाखल करण्याआधी विचारून घ्या. वकील देणं सक्तीचं नाही, स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. आणि मोफत वकील मिळवायला बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्री आहे एवढं पुरेसं आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा फोन आहे. आमच्या घरघंटीवाल्या वहिनीनं पहिल्यांदा तिथंच जावं.

वेळेचं मी कुणाला वचन देत नाही. समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, या प्रत्येक पायरीला तारखा पडतात.

निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले का?

काट्याची पावती मिळाली म्हणजे उसाचं बिल खात्यावर आलं असं होत नाही. हुकूमनामा ही ती पावती. समोरच्यानं आपणहून दिलं नाही, तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करायचा, त्याला दरखास्त म्हणतात. १२ वर्षांपर्यंत करता येते. पण दरखास्तीत काय जप्त होतं आणि काय होत नाही, ते आधी ऐका. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, इतकंच काय, तो राहतो ते घर, यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं हात लावता येत नाही. पगारातलेही पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुटतो. धाकटा दोन एकर द्राक्षबागेवर जगणारा, बँकेचं कर्ज असलेला माणूस असेल, तर हातात हुकूमनामा असूनही काही वर्षं नुसती वाट बघावी लागेल. दावा लावण्याआधी त्याच्याकडे काय आहे, हे बघायला हवं ते यासाठी. आणि याचं दुःख मला दर वेळी होतं, कारण वाट बघणारी माणसंही तशीच कर्जातली असतात.

"पण सख्ख्या दिरावर दावा? लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. त्याच घरात राहायचंय, एकाच नळाचं पाणी भरायचंय, दिवाळीला पोरांनी एकत्र किल्ला करायचाय. पण गप्प बसण्याचीही किंमत असते, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा घरातली बाईच भरते. तिची मोटर जळाली, तिचं दळण बंद पडलं, बचत गटाचा हप्ता तिनंच कुठून तरी भरला, आणि 'घरातलं घरात ठेव' हेही तिलाच सांगितलं गेलं. हे मला पटत नाही. पैसे मागणं म्हणजे नातं तोडणं नव्हे. कशानं मागायचं, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी अजून एक वाट आहे, आणि माझ्या मते घरच्या नुकसानीला तीच सगळ्यात जवळची : दावा न लावताच लोकअदालतीत जायचं. याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, समिती दिराला बोलावून घेते. कोर्ट फी नाही, साक्षी-पुरावा नाही, कैफियत नाही. तडजोड झाली आणि पॅनेलनं निवाडा दिला, की तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच पक्का. त्यावर अपील नाही. मोडला तर थेट दरखास्त. दाव्याला वर्षानुवर्षं लागतील ते इथं दोन-तीन बैठकांत होऊ शकतं, आणि घर कुणाचं हा प्रश्न उघडावाच लागत नाही. तडजोड नाहीच झाली, तरी दाव्याचा हक्क शाबूत राहतो, फक्त तीन वर्षांची मुदत हातची जाऊ देऊ नका.

गावात २००७ पासूनच्या तंटामुक्त मोहिमेतली समिती जागी असेल, तर बोलणी तिथंही होऊ शकतात. पण तिथला कागद नुसता करार राहतो. तोच कागद लोकअदालतीसमोर नेऊन निवाडा करून घ्यावा.

समोरचा आलाच नाही तर? सक्ती नाही, हे खरं. तरी बरेच जण येतात. समन्सची भीती असते तशी ती नसते, आणि 'वहिनीनं कोर्टात खेचलं' असं गावात सांगता येत नाही. आधी पोहोच पावतीसह स्पीड पोस्टानं एक पत्र पाठवावं, साध्या भाषेत, झालेला खर्च लिहून. कडक नोटिसीनं माणूस वकील गाठतो, साध्या पत्रानं कधी कधी प्लंबर गाठतो.

तडजोडीच्या कागदावर 'यापुढे गुण्यागोविंदानं राहू' असलं काही लिहू नका, त्याची दरखास्त होत नाही. लिहायचं ते असं : मोटरच्या दुरुस्तीचे पैसे किती हप्त्यांत, कोणत्या तारखांना, वहिनींच्या खात्यावर जमा होतील. मोरीचा पाइप कोणत्या तारखेपर्यंत बदलला जाईल आणि त्याचा खर्च कोण करेल. छताचा खर्च दोघांनी कसा वाटून घ्यायचा, आणि तसं वाटून घेतल्यानं कुणाच्याही हिश्श्याला बाध येणार नाही, हे वाक्य त्यात आवर्जून घाला. आणि खाली गवंडी गिलावा करत असेल ते चार दिवस वरच्या मोरीत कुणी पाणी सोडायचं नाही, धाकट्याच्या घरच्यांनी आंघोळीला खाली यायचं, हेसुद्धा लिहून घ्या.